थाई विद्यार्थ्यांना रोजचे इंग्रजी शब्द शिकवताना: अर्थ, वापर आणि ठरलेल्या चुका

थायलंडमध्ये शाळेत पहिलीपासून इंग्रजी असतं. 2014 मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने युरोपातली सीईएफआर ही भाषा किती येते ते मोजणारी श्रेणीपद्धत (ए1 सगळ्यात खालची पायरी, मग ए2, मग बी1) आधाराला घेतली आणि सहावीअखेर ए1, नववीअखेर ए2, बारावीअखेर बी1 असं उद्दिष्ट ठेवलं. त्यामुळे ऑनलाइन शिकवणीला येणाऱ्या थाई विद्यार्थ्याला ‘ओपन’, ‘बॉरो’, ‘एव्हर’, ‘बोअरिंग’ हे शब्द नवे नसतात. प्रत्येक शब्दाचा एक थाई अर्थ त्याने पाठ केलेला असतो. घोळ तिथेच होतो, कारण थाई शब्दाचा पसारा इंग्रजी शब्दापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो, कधी लहान. दोन शब्द कुठे वेगळे होतात ती जागा दाखवली की शिकवणं सोपं होतं.

आधी शब्दांचा तक्ता. चार रकाने पुरतात: इंग्रजी शब्द, थाई लिपीत अर्थ, त्या शब्दासोबत हमखास येणारे शब्द, आणि चुकीचं व बरोबर वाक्य शेजारी शेजारी. पाऊण तासाच्या तासिकेला सहा ते आठ शब्द घ्या. वीस दिले तर विद्यार्थी ते सुंदर अक्षरात उतरवून घेतात आणि वापर मात्र एकाचाही येत नाही. खाली थाई शब्द देवनागरीत दिले आहेत ते जवळपासच्या उच्चाराने. थाईतले पाच स्वर-चढउतार देवनागरीत दिसत नाहीत, म्हणून तक्त्यात मूळ थाई लिपीच ठेवा.

विद्यार्थी इंग्रजी शब्दाखाली थाई लिपीत त्याचा उच्चार लिहून ठेवतात, त्याला ‘खाम-आन’ म्हणतात. ही सवय प्रेमाने पण ठामपणे मोडावी लागते. थाई लिपीत लिहिलेला शब्द थाई नियमांनीच वाचला जातो आणि शेवटची व्यंजनं बदलतात. त्याऐवजी प्रत्येक शब्दाचं पाच सेकंदांचं रेकॉर्डिंग द्या.

देणं-घेणं: बॉरो आणि लेंड

‘कॅन यू बॉरो मी अ पेन?’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वर्गात ऐकू येतं. थाईत ‘यूम’ म्हणजे वापरायला घेणं. वापरायला देणं म्हणजे ‘हाय यूम’, आणि यातल्या ‘हाय’चा अर्थ देणं. विद्यार्थ्याच्या डोक्यात मूळ क्रियापद एकच असतं, म्हणून इंग्रजीतही तो एकच शब्द दोन्हीकडे चालवतो.

इथे व्याख्या सांगत बसू नका. टेबलावर खरं पेन ठेवा. नोक आणि बीम असे दोन विद्यार्थी असतील तर पेन नोककडून बीमकडे जाऊ द्या. मग त्याच एका घटनेबद्दल दोन वाक्यं म्हणून घ्या: ‘बीम बॉरोड अ पेन फ्रॉम नोक’ आणि ‘नोक लेंट बीम अ पेन’. फळ्यावर बाण काढा. वस्तू माझ्याकडे येते तिथे बॉरो आणि त्याच्यासोबत फ्रॉम. वस्तू माझ्याकडून जाते तिथे लेंड, आणि लगेच माणसाचं नाव. मग पेन उलट दिशेने जाऊ द्या, त्यानंतर छत्री, चार्जर, शंभर बात (थाई चलन). चार-पाच फेऱ्यांनंतर बाण पुसा.

भाड्याचा ‘रेंट’ त्याच दिवशी घेऊ नका. थाईत भाड्याने घेणं आणि देणं यांतही ‘हाय’चाच फरक आहे, पण इंग्रजीत रेंट दोन्ही बाजूंनी चालतो. नुकतीच बसलेली बॉरो-लेंडची जोडी त्याने विस्कटते. आठवडाभराने घ्या.

उघडणं, बंद करणं, खेळणं

‘ओपन द लाइट’, ‘क्लोज द एअर’. थाईत दार, पुस्तक, दिवा, नळ, टीव्ही या सगळ्यांना ‘पऽत’ (उघडणं) आणि ‘पित’ (बंद करणं) हीच क्रियापदं लागतात, आणि ‘एअर’ म्हणजे एसी. दहा चित्रं द्या आणि दोन गटांत लावायला सांगा: दार, खिडकी, पिशवी, बाटली, पुस्तक एकीकडे, दिवा, पंखा, टीव्ही, एसी, नळ दुसरीकडे. पहिल्या गटाला ओपन-क्लोज, दुसऱ्याला टर्न ऑन-टर्न ऑफ. नळ मुद्दाम घाला. नाहीतर विद्यार्थी ‘विजेवर चालतं ते’ असा अर्धवट नियम काढतात.

‘लेन’ म्हणजे खेळणं, पण थाईत फोन, इंटरनेट, फेसबुक हेही ‘लेन’च. ‘आय प्ले फेसबुक’ ऐकलं की ‘यूज’ किंवा ‘आय ॲम ऑन फेसबुक’ द्या आणि पुढे चला. ‘साय’ म्हणजे घालणं, कपडेही आणि चहात साखरही. ते वेअर आणि पुट इन असं वेगळं करा. ‘दू’मध्ये बघणं, पाहणं, टीव्ही पाहणं सगळं आलं. तिथे ‘वॉच’ हलणाऱ्या गोष्टीला, ‘लुक ॲट’ स्थिर गोष्टीला, एवढं सुरुवातीला पुरतं.

बोअर्ड की बोअरिंग

‘आय ॲम बोअरिंग’ ही चूक ऐकायला छोटी वाटते, पण मुलाखतीत महागात पडते. गंमत म्हणजे थाईत हा फरक आधीच आहे, विद्यार्थ्याला तो फक्त जोडून द्यायचा असतो. ‘बुअ’ म्हणजे कंटाळलेला, ‘ना-बुअ’ म्हणजे कंटाळवाणा. ‘सोनचाय’ म्हणजे रस असलेला, ‘ना-सोनचाय’ म्हणजे रंजक. ‘ना’ लागला की इंग्रजीत आयएनजी, नाही लागला की ईडी. मराठीतल्या ‘-वाणा’सारखंच हे काम. व्याकरणाचं एकही नाव न घेता वीस मिनिटांत बसतं. थाई शब्द तोंडी विचारा आणि विद्यार्थ्याला इंग्रजी रूप म्हणायला लावा.

त्याच तासात ‘फन’ आणि ‘फनी’ घ्या. थाईत ‘सनुक’ आणि ‘तलोक’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, तरी इंग्रजीतल्या सारखेपणामुळे ‘माय ट्रिप टू हुआ हिन वॉज व्हेरी फनी’ असं होतं. हसू आलं का, एवढंच विचारा. नसेल आलं तर फन.

हॅव, एव्हर, ऑलरेडी

‘हॅव मेनी पीपल ऑन द ट्रेन.’ थाईत ‘मी’ हे क्रियापद जवळ असणं आणि कुठेतरी असणं, दोन्हींसाठी आहे. मराठी माणसाला हे पटकन कळावं, कारण आपण नेमके उलट्या टोकाला आहोत: ‘माझ्याकडे तिकीट आहे’ आणि ‘गाडीत गर्दी आहे’, दोन्हीकडे ‘आहे’. उपाय एक प्रश्न: कोणाकडे? उत्तरात माणूस आला तर त्या माणसापासून वाक्य सुरू करून हॅव. जागा आली तर देअर इज किंवा देअर आर.

‘आय एव्हर गो टू चियांग माय.’ ‘खऽय’ म्हणजे पूर्वी कधीतरी केलेलं असणं, आणि शब्दयाद्यांत त्याच्यासमोर ‘एव्हर’ छापलेलं असतं. नकार ‘माय खऽय’ म्हणजे नेव्हर, तो बरोबर येतो. म्हणून होकारही तसाच जमेल असं विद्यार्थी धरून चालतात. सांगा, सध्या एव्हर फक्त प्रश्नात: ‘हॅव यू एव्हर बीन टू अयुथ्या?’ उत्तरात ‘येस, आय हॅव बीन देअर’, एव्हर गायब. अपवाद नंतर.

‘ऑलरेडी’ची गोष्ट जास्त खोल आहे. थाई क्रियापद काळानुसार बदलत नाही. काम झालं हे ‘लॅओ’ सांगतो, आणि लॅओ म्हणजे ऑलरेडी असं पाठ असतं. त्यामुळे ‘आय ईट ऑलरेडी’ म्हणताना विद्यार्थ्याच्या लेखी भूतकाळ सांगून झालेला असतो. ऑलरेडी खोडायला सांगितलं तर ‘आय ईट’ उरतं, ते तर आणखी वाईट. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी ‘आय ॲट’ किंवा ‘आय हॅव ईटन’ पक्कं करून घ्या, आणि अपेक्षेपेक्षा लवकर झालं असेल तेव्हाच ऑलरेडी लावायला सांगा.

‘यांग’ एकटा आला तर स्टिल, ‘यांग माय’ असा नकारासह आला तर नॉट आणि शेवटी येट.

माणूस सोयीचा नसतो

‘आय ॲम नॉट कन्व्हिनियंट ऑन मंडे’ ऑफिसच्या ईमेलमध्ये सर्रास दिसतं, कारण थाईतला ‘सदुअक’, म्हणजे सोयीचं, माणसालाही लागतो. वाक्याची सुरुवात दिवसापासून करायला लावा: ‘मंडे इज नॉट कन्व्हिनियंट फॉर मी.’ ‘खित-थुंग’ म्हणजे एखाद्याची आठवण येणं, पण त्यातला ‘खित’ म्हणजे विचार करणं, म्हणून ‘आय थिंक यू’ असं येतं. तिथे ‘मिस’ द्या. बस चुकण्याचा मिस वेगळ्या दिवशी, कारण त्याला थाईत अगदी निराळा शब्द आहे.

‘लिसन’ आणि ‘वेट’ एकटे लिहूच नका. कार्डावर ‘लिसन टू’, ‘वेट फॉर’ असे जोडूनच छापा, कारण थाईत क्रियापदानंतर थेट कर्म येतं. ‘मॅरी’चं उलटं: थाईत ‘च्याशी’ लागतो म्हणून ‘मॅरीड विथ’ होतं. इथे मराठी शिक्षकाने स्वतःकडेही लक्ष द्यावं, आपणही ‘च्याशी’च लग्न करतो. ‘ऑल्दो’ नंतर ‘बट’ आणि ‘बिकॉज’ नंतर ‘सो’ हेही तसंच. थाईत दोन्ही शब्द जोडीने येतात, मराठीतही जरी-तरी आहेच. शिक्षकच चुकला तर विद्यार्थ्याची चूक पक्की होते.

थाई झालेले इंग्रजी शब्द

यांत विद्यार्थ्याचा आत्मविश्वास सगळ्यात जास्त आणि शिक्षकाचं लक्ष सगळ्यात कमी असतं. ‘फॅन’ म्हणजे प्रियकर, प्रेयसी किंवा नवरा-बायकोसुद्धा. ‘सीरियत’ म्हणजे सीरियस, पण ताणात असलेला या अर्थानेही, त्यातून ‘डोन्ट सीरियस’ येतं. कपडे ‘फित’ म्हणजे घट्ट. ‘नोटबुक’ म्हणजे लॅपटॉप. ‘वऽ’, म्हणजे ओव्हर, अतिरेक करणाऱ्याला. हे शब्द चुकीचे ठरवू नका, थाईत ते बरोबरच आहेत. तक्त्यात त्यांच्यासाठी ‘परदेशी माणूस काय समजेल’ असा पाचवा रकाना जोडा.

वेळेचीही अशीच फसगत होते. थाई बोलीत संध्याकाळी सातपासून पुन्हा एकपासून मोजतात, म्हणून रात्री आठ म्हणजे ‘साँग-थुम’, आणि साँग म्हणजे दोन. भेटीची वेळ ठरवताना 20:00 असं अंकांत लिहून घ्या. वर्षही तपासा: 2025 म्हणजे थाई 2568, फरक 543 चा.

उच्चार: जिथे अर्थ बदलतो तेवढंच

थाई शब्दाच्या शेवटी क, प, त आणि म, न, ङ यांसारखे थोडेच आवाज येतात, आणि क-प-त तोंडातच अडतात. त्यामुळे बिलचं ‘बिन’, बसचं ‘बत’, वाइफचं ‘वाइप’ होतं. सगळं सुधारायला गेलात तर विद्यार्थी बोलायचं थांबतो. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ मात्र सोडू नका. शेवटचा ‘ट’ गेला की नकाराचा होकार होतो. ‘कॅनॉट’ असं पूर्ण म्हणायची सवय लावा, अडचणच मिटते. भूतकाळाचा शेवटचा आवाज पुढच्या शब्दाला जोडून म्हणायला द्या: ‘लाइक्ट इट’ऐवजी ‘लाइक-टिट’.

कळलं का, हे कसं कळणार

‘खाओ-चाय माय?’, म्हणजे समजलं का, असं विचारलं की ‘खाओ-चाय’ असंच उत्तर येतं. समोरच्याला त्रास नको, अवघडल्यासारखं नको, या भावनेला थाईत ‘क्रेंग-चाय’ म्हणतात, आणि शिक्षकाशी वागताना ती जास्तच असते. म्हणून दोन पर्यायांचा प्रश्न विचारा: ‘नोक लेंट बीम अ पेन. पेन कोणाचं?’ उत्तर बोटाने दाखवलं तरी चालेल. बोलायच्या आधी जोडीजोडीने लिहू द्या. चूक दुरुस्त करताना नाव न घेता वाक्य फळ्यावर लिहा आणि सगळ्यांना मिळून सुधारू द्या.

उजळणी त्याच दिवशी संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी. इंग्रजी आणि थाई रकाने झाका आणि फक्त चुकीचं वाक्य दाखवा, विद्यार्थ्याने ते दुरुस्त करायचं. तिसऱ्यांदाही अडलेला शब्द पुढच्या यादीत ढकलू नका. त्याचा जोडीदार शब्द काढून टाका आणि दोन आठवडे तो एकटाच वापरू द्या.