केमिस्ट्रीत पीएचडी झाली, आता फार्मात जायचंय? आधी एक रिअ‍ॅक्शन निवडा

थिसिस सबमिट झाला की सगळे धडाधड सीव्ही पाठवायला लागतात, वर पेपरांची यादी आणि इम्पॅक्ट फॅक्टर. जरा थांबा. प्रोसेस आर अँड डीच्या, म्हणजे लॅबमधली कृती कारखान्यात बसवणाऱ्या विभागाच्या इंटरव्ह्यूत समोरचा बघतो ते एवढंच की तुम्ही 50 मिलिग्रॅमवर केलेलं 50 किलोवर कसं होईल याचा विचार तुम्हाला जमतो का.

म्हणून थिसिसमधली एकच रिअ‍ॅक्शन घ्या, स्वतः पंचवीसेक वेळा लावलेली, आणि वहीत तिची चिरफाड करा. समजा सुझुकी कपलिंग आहे, म्हणजे पॅलेडियम कॅटॅलिस्ट वापरून बोरॉनिक अ‍ॅसिड दुसऱ्या रेणूला जोडणं. कॉलम, म्हणजे सिलिकाच्या नळीतून माल शुद्ध करणं, कसा टाळणार? लॅबमध्ये आपण सिलिका भरतो, टेस्ट ट्यूब गोळा करतो, रोटावर कोरडं करतो आणि झालं, पण प्लांटमध्ये कॉलम शक्यतो टाळतातच, तिथे क्रिस्टलायझेशन बसवावं लागतं. पॅलेडियम कसं काढणार? पोटात घ्यायच्या औषधात त्याची मर्यादा दिवसाला 100 मायक्रोग्रॅम आहे. औषधात उरलेल्या सॉल्व्हंटलाही मर्यादा आहे, डीसीएम (डायक्लोरोमिथेन) 600 पीपीएमच्या आत लागतं, हेक्झेन तर 290च, म्हणून त्याऐवजी हेप्टेन सुचवा.

मग उष्णता, हे नीट समजून घ्या कारण इथेच बरेच जण अडकतात. भांड्याचा व्यास 10 पट केला की आतला माल 1000 पट होतो पण गार करणारा पृष्ठभाग फक्त 100 पट, त्यामुळे बर्फात फ्लास्क ठेवून 10 मिनिटांत टाकलेलं रिएजंट तिथे तासन्‌तास थेंबथेंब सोडावं लागतं. डीएमएफमध्ये सोडियम हायड्राइड लॅबमध्ये सगळे बिनधास्त वापरतात, पण दोघं एकमेकांशीच रिअ‍ॅक्ट होऊन तापतात आणि मोठ्या बॅचमध्ये ते हाताबाहेर जाऊ शकतं, तेव्हा त्याला पर्याय शोधूनच जा.

माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत यील्ड सांगून झाल्यावर विचारलं, तुमच्या बोरॉनिक अ‍ॅसिडचा किलोचा भाव काय? मला माहीत नव्हता. घरी येऊन सगळ्या रिएजंटांचे भाव काढून ठेवले, तुम्ही आधीच काढा.

सीव्ही दोन पानांत बसवा, एचपीएलसी (माल किती शुद्ध आहे ते तपासायचं तंत्र) मेथड स्वतः डेव्हलप केली असेल तर ते वर, पेपर शेवटी. तळोजा, कुरकुंभ, महाड असं कुठे सिनिअर असेल तर परवानगी काढून एक दिवस प्लांट बघून या, रिअ‍ॅक्टरशेजारी उभं राहिल्यावर वरचं सगळं डोक्यात पक्कं बसतं.

आणि प्रेझेंटेशन बनवताना गाइडला विचारल्याशिवाय पेटंटला जाणारं स्ट्रक्चर स्लाइडवर टाकू नका, रेणूचा तेवढा भाग नुसता 'आर' (आर ग्रुप) लिहून झाकलं तरी चालतं, कोणी वाईट वाटून घेत नाही.