मराठी एम.ए.चा लघुप्रबंध आणि ‘समकालीन वास्तव’ नावाचा सापळा

मराठवाड्यात मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्यांपैकी अनेकांच्या लघुप्रबंधाचे शीर्षक ‘अमुक लेखकाच्या साहित्यातील समकालीन समाजवास्तव’ असेच असते. विषय वाईट नाही. अडचण अशी की, शीर्षक ठरताच निष्कर्षही ठरून जातो. दुष्काळ, कर्जबाजारीपणा, जातीयता, स्त्रियांचे शोषण अशी प्रकरणे आधी पाडली जातात आणि मग त्यांत बसतील असे उतारे पुस्तकातून वेचले जातात. आमच्या तुकडीत बहुतेकांनी हेच केले आणि मीही त्याला अपवाद नव्हतो. म्हणून याच एका गोष्टीवर जरा अधिक बोलतो.

रा. रं. बोराडे यांची १९७१ सालची ‘पाचोळा’ घ्या. ग्रामीण कादंबरी म्हटल्याबरोबर ‘शेतकऱ्याच्या व्यथेचे चित्रण’ हे वाक्य लेखणीतून आपोआप उतरते. प्रत्यक्षात ही वाताहत गंगाराम शिंप्याच्या घराची आहे. गाईड वाचून लिहिणाऱ्याला हे लक्षातही येत नाही आणि तोंडी परीक्षेत ‘गंगारामाचा धंदा कोणता?’ एवढ्या एका प्रश्नावर वर्षभराची मेहनत उघडी पडते.

धंदा बरोबर सांगता आला म्हणजे वाचन झाले, असेही नाही. ही सगळी हकिकत गंगारामाची बायको पार्वती सांगते, तीही आपल्या भागातल्या बोलीत. नवऱ्याचा ताठा तिला दिसतो, त्याचे परिणामही दिसतात. पण त्याला आवरणे तिच्या हातात नाही. आता आजच्या काळाकडे या. नवऱ्याच्या दुकानासाठी बचत गटातून कर्ज उचलणारी आणि दुकान बसल्यावर हप्ता मात्र स्वतः भरणारी बाई तुमच्या गल्लीत नाही का? कादंबरीत बचत गट नाही, तरी तिचा आजच्या जगण्याशी संबंध या ठिकाणी लागतो. तो विषयांच्या यादीतून सापडला नसता; कोण सांगते आहे आणि तिला काय करता येत नाही, हे पाहिल्यावर सापडला. म्हणून प्रकरणे पाडण्याआधी निवेदन कोणाचे आहे, हे एका कागदावर लिहून काढा. कंटाळवाणे वाटेल, तरी करा.

भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेचेही असेच होते. भाव पडल्यावर बाप टोमॅटोचा ढीग पायांखाली तुडवतो, हे शाळेपासून सर्वांना ठाऊक असते. त्यावर विद्यार्थी हमीभावाचा निबंध लिहून मोकळा होतो. केंद्र सरकार हमीभाव जाहीर करते त्या पिकांत टोमॅटो नाहीच, हेही तो तपासत नाही. शिवाय भाव बातमीतही येतो. कथेत बाप हे सारे भरबाजारात करतो आणि त्याचा मुलगा ते पाहत असतो. त्या मुलाला वगळून कथेविषयी जे लिहाल, ते वर्तमानपत्राने आधीच लिहिलेले असेल.

दलित साहित्याच्या बाबतीत उलट चूक होते. तिथे संदर्भ ठाऊक असल्याचे गृहीत धरले जाते. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव १९७८ साली झाला आणि नामविस्तार, म्हणजे जुन्या नावाला आंबेडकरांचे नाव जोडणे, १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत मराठवाड्यात किती घरे जळाली, किती माणसे गेली, हे न वाचता त्या काळातल्या कवितेला नुसते ‘विद्रोही’ म्हणणे हा आळस आहे. छत्रपती संभाजीनगरला राहणाऱ्याने तरी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटपाशी जाऊन यावे.

नेट-सेटचे, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांचे, गणित वेगळे आहे, हे मान्य. दोन पेपर, दीडशे प्रश्न, तीनशे गुण, सगळे बहुपर्यायी. तिथे लेखक आणि साहित्यकृती यांच्या जोड्या पाठच असाव्या लागतात. त्यासाठी संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात मिळणारी गाईडे खुशाल वापरा, त्यात कमीपणा नाही. मात्र त्याच गाईडावर लघुप्रबंध उभारू नका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तयार नोट्सबद्दल माझे मत याहून कडक आहे: त्या उघडूच नयेत, कारण एकदा वाचलेले तयार वाक्य डोक्यातून जाता जात नाही.

मार्गदर्शकाविषयीही बोलले पाहिजे. विषय सुचवणारे, आठवड्यात सही देणारे सर सर्वांना आवडतात. मला उपयोग झाला तो प्रत्येक विधानापुढे पेन्सिलने ‘कोणत्या पानावर?’ असे लिहिणाऱ्या मॅडमचा. त्यांचा तेव्हा राग यायचा, हे खरे.

बोलीतली पुस्तके अडली तर घाबरू नका; परीक्षकही अडतात. असा उतारा घरी आजीला किंवा मावशीला मोठ्याने वाचून दाखवा. ती मध्येच हसली किंवा ‘असं नाही म्हणत आमच्याकडं’ म्हणाली, तर ती जागा आणि पान क्रमांक वहीत टिपून ठेवा, आणि पुढच्या भेटीत मार्गदर्शकांसमोर सर्वांत आधी तेच पान उघडा.