निवृत्तीनंतर अर्ज-मदतीचं टेबल कसं चालवायचं

कागद कोणत्या टेबलावर अडतो आणि का अडतो, हे सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्या माणसाला नेमकं तेच कळत नसतं. या जाणिवेचा लोकांना उपयोग व्हावा म्हणून संस्था काढायची गरज नाही. लोकांचे सरकारी अर्ज लिहून द्यायला आठवड्यातून एक सकाळ, दोन तास पुरतात.

जागा विरंगुळा केंद्रात, ज्येष्ठ नागरिक संघात किंवा वाचनालयात बघा. सोसायटीचं ऑफिस नको, कारण घरकाम करणाऱ्या बाया गेटवरच बिचकतात आणि खरी गरज त्यांनाच असते. एका माणसाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणून पाचच नंबर द्या.

पहिला प्रश्न पत्त्याचा. नवी मुंबईतला ऐरोली, वाशी, नेरूळ हा भाग ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे मात्र नवी मुंबई म्हणवत असले तरी पनवेल तालुक्यात, रायगड जिल्ह्यात. दाखल्याचा अर्ज चुकीच्या तहसीलला गेला की महिना वाया. सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आणि महापालिका यांतली गल्लतही नेहमीची, तेव्हा आधीचं पत्र किंवा पावती बघूनच कार्यालयाचं नाव लिहा.

माहिती अधिकाराच्या अर्जात सगळ्यात जास्त चुका होतात. राज्य शासनाच्या कार्यालयासाठी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. लोक तावातावाने 'माझं काम का झालं नाही?' असं विचारतात. त्याला उत्तर मिळत नाही, कारण मागायचं असतं ते दफ्तरी असलेलं. असं लिहा: 'माझ्या अमुक तारखेच्या, आवक क्रमांक अमुक अर्जावरील टिपणीची व संबंधित पत्रव्यवहाराची प्रत मिळावी.' आवक क्रमांक, म्हणजे अर्ज घेताना कार्यालय त्यावर टाकतं तो नंबर, नसेल तर हा अर्ज थांबवा, आधी मूळ अर्ज पुन्हा देऊन पोच घ्यायला लावा.

'आपले सरकार' या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर खातं उघडताना मोबाईल अर्जदाराचाच हवा. स्वतःचा नंबर घातलात तर सगळे संदेश तुमच्याकडे येतील, आणि तुम्ही गावी गेलात की तो माणूस लटकेल. मूळ कागद ठेवून घेऊ नका, झेरॉक्ससुद्धा परत द्या. पैसे नाहीतच, पेढेही नकोत.

जुन्या ऑफिसात फोन करून काम करून देण्याचा मोह फार होतो. तो आवराच. एकाचं काम झालं की पुढच्या आठवड्यात दहा जण अर्जासाठी नाही, ओळखीसाठी येतात.

वहीत पाच रकाने ठेवा: नाव, फोन, कार्यालय, दिल्याची तारीख, पुढची तारीख. माहिती अधिकारात तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करायचं, वीस रुपयांचं तिकीट लावून. अर्जदार ही तारीख विसरतो. आदल्या आठवड्यात फोन तुम्हीच करा.