फर्नेस रुसला तर आधी फिल्टर काढून बघा
आमचा फर्नेस, म्हणजे घरभर गरम हवा सोडणारं यंत्र, एकदा सारखा चालू-बंद, चालू-बंद व्हायला लागला म्हणून टेक्निशियनला बोलावलं, तर त्याने काही न बोलता फिल्टर ओढून काढला, धुळीने गोधडीसारखा झालेला, आणि माझ्या हातात दिला. पैसे मात्र पूर्ण घेतले!

होतं काय, फिल्टर तुंबला की हवा नीट खेळत नाही, आत उष्णता कोंडते, मग लिमिट स्विच (जास्त तापलं की आपोआप तोडणारा) बर्नर बंद करतो, जरा गार झालं की परत चालू, असं दिवसभर. म्हणून थंडीत महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करायचा, फिल्टर काढायचा, उजेडासमोर धरायचा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर सरळ बदला. 1 इंची फिल्टर साधारण 1 ते 3 महिने टिकतो, घरात कुत्रं-मांजर असेल तर लवकर भरतो. नवीन बसवताना कडेवरचा बाण ब्लोअरच्या, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, दिशेने असायला हवा, उलटा बसवणारे खूप असतात (मीही त्यातलाच). पुठ्ठ्यावर मार्करने तारीख टाकून ठेवा, नाहीतर कधी बदलला ते कुणाला आठवतंय.

दुसरं म्हणजे ज्योत. गॅसचा फर्नेस असेल तर त्याच्याच छोट्या खिडकीतून नुसती बघायची, निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लवलवणारी दिसली किंवा आजूबाजूला काजळी दिसली तर फर्नेस बंद करा आणि माणूस बोलवा, स्वतः उघडून बसू नका, कारण गॅस नीट जळत नसेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला ना रंग ना वास. घरात डोकं दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, असं झालं तर सर्दी-ताप समजून झोपू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच इमर्जन्सीला फोन लावा. झोपायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही, ना चालू ना बंद, आधी बाहेर, मग फोन.

फर्नेसच्या आसपास 3 फूट जागा मोकळी ठेवा, रंगाचे डबे, रद्दी तिथे नको. हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणारा आतला धातूचा भाग) तडा गेलाय का ते वर्षातून एकदा टेक्निशियनकडूनच तपासून घ्या. आणि धुराचा पाइप भिंतीतून बाहेर निघत असेल तर बर्फ पडल्यावर आधी त्याच्या तोंडाशी साचलेला बर्फ फावड्याने काढा, गाडीवरचा नंतर.