गोळ्या वेळेवर, तपासणी मात्र राहूनच गेली: एचआयव्ही असलेल्या बायकांनो, या चुका टाळा

गोळ्या न्यायला आलेल्या इचलकरंजीच्या एका आक्कांनी रिपोर्ट पुढं केला. "ताई, विषाणू सापडतच नाही म्हणाले. मग आणि कसली तपासणी?" गोळी एकदाही न चुकवल्याचा आनंद चेहऱ्यावर होता आणि तो खराच होता. पण पिशवीच्या तोंडाची तपासणी त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

कोल्हापुरात समुपदेशन करताना मला सगळ्यात जास्त भेटणारी चूक हीच. एचआयव्ही आणि एचपीव्ही हे दोन वेगळे विषाणू आहेत. एचपीव्ही संबंधातून लागतो आणि त्यातूनच पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ शकतो. एआरटीनं, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांनी, प्रतिकारशक्ती सावरते, त्याचा फायदा होतोच, पण ती गोळी एचपीव्हीला मारत नाही. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतर बायकांपेक्षा सुमारे 6 पट असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, इतरांनी 30 व्या वर्षी तपासणी सुरू करावी, तुम्ही 25 व्या वर्षी. एचपीव्ही डीएनए तपासणी दर 3 ते 5 वर्षांनी, व्हीआयए (ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणं) किंवा पॅप स्मिअर (तोंडाच्या पेशी घेऊन तपासणं) असेल तर दर 3 वर्षांनी.

"मला काही त्रास नाही" म्हणून थांबू नका. कॅन्सरच्या आधीचे बदल दुखत नाहीत. व्हीआयएत कापसाच्या बोळ्यानं सौम्य ॲसेटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात. बदललेली जागा पांढरी दिसते. थोडं चुरचुरतं, एवढंच. पाळीच्या दिवसांत मात्र जाऊ नका.

शिबिरात एचआयव्ही लपवणं ही दुसरी मोठी चूक. भीती मला कळते. गावात गोष्ट फुटायला वेळ लागत नाही. पण डॉक्टरांना माहीतच नसेल, तर ते तुम्हाला इतर बायकांसारखी लांबची तारीख देतील. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. कुणी अपमान केला, तर 1097 या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करून सल्ला घ्या.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. तो किती वर्षांपूर्वी लागला हेही सांगता येत नाही, त्यामुळं नवऱ्याशी भांडण किंवा स्वतःला दोष, दोन्ही नको. पुढची तपासणी करा, गरज पडली तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून पिशवीचं तोंड पाहणं. बदललेल्या जागेचा डाग लहान असेल तर क्रायोथेरपी (गोठवून) किंवा थर्मल ॲब्लेशननं (उष्णता देऊन) त्याच दिवशी काम होऊन घरी जाता येतं.

इथं पुन्हा घोळ होतो. ऊसतोड सुरू झाली, भांगलण आली, रिपोर्ट दवाखान्यातच पडून राहिला. उपचार झाला तरी वर्षभरानं परत दाखवावंच लागतं, कारण एचआयव्ही असताना डाग पुन्हा येण्याची शक्यता जास्त. तारीख गोळ्यांच्या कार्डावरच लिहून घ्या, ते कार्ड तुम्ही हरवत नाही.

"पिशवीच काढून टाका" असं कुणी घाईनं सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. लहान डागाला तेवढं लागत नाही.

घरात 9 ते 14 वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्हीच्या लशीचं विचारा. पुण्याच्या सिरम कंपनीची सर्व्हावॅक ही लस 2023 पासून मिळते. मुलीलाही एचआयव्ही असेल, तर शक्यतो 3 डोस.

आणि संबंधानंतर रक्त, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त, वास येणारं पांढरं, यातलं काहीही दिसलं तर गोळ्यांच्या पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याच्या स्त्रीरोग विभागात जा.