पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्सवर वाफ धरू नये म्हणून

नाशिकजवळच्या अंजनेरी नाहीतर दुगारवाडीला जाताय ना, मग पोचायच्या अर्धा तास आधीच गाडीतला एसी बंद करा आणि काचा खाली घ्या, कारण लेन्स गार आणि बाहेरची हवा दमट असली की काचेवर लगेच पाणी धरतं. मागे बसलेले ऐकणार नसतील (नसतातच) तर कॅमेरा एसीतच झिपलॉक पिशवीत घालून, हवा काढून बंद करा आणि बाहेर आल्यावर तो कोमट होईपर्यंत पिशवी उघडायचीच नाही, मग वाफ पिशवीवर धरते, लेन्सवर नाही.

तरी धरलीच तर टी-शर्टने पुसत बसू नका, परत येते आणि ओरखडे पडतात ते वेगळंच. तिथे लेन्स बदलणं तर विसराच. घरी आल्यावर कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) टाकून ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की बदला, नाहीतर बुरशी लागते.