जुनं ख्रिस्ती छापचित्र पाहायचं कसं?

युरोपातली जुनी धार्मिक छापचित्रं संग्रहालयात दिसली की आपण पाटी वाचतो आणि पुढे सरकतो. पण यातली कितीतरी चित्रं हातात धरून पाहायची, नाहीतर पोथीत चिकटवून ठेवायची होती. म्हणून जवळ जा. पडद्यावर पाहत असाल तर भरपूर मोठं करा.

आधी रेघ पाहा, संत नंतर. लाकडी ठशात रेघेभोवतीचं लाकूड कोरून काढतात; उरलेल्या उंचवट्याला शाई लागते आणि रेघ सहसा ठसठशीत उमटते. तांब्याच्या पत्र्यावर नेमकं उलट. तिथे शाई खाचेत भरते आणि दाबाखाली ओला कागद ती उचलून घेतो. कोरणी खोल गेली की रेघ फुगते, वर आली की निमुळती होत विरते.

हे डोळ्यात भरतं ते क्लोद मेलाँ या फ्रेंच कोरीवकाराच्या १६४९च्या चित्रात. ख्रिस्ताचा चेहरा जिने वस्त्राने पुसला अशी आख्यायिका आहे, त्या संत वेरोनिकाच्या वस्त्रावर उमटलेला ख्रिस्ताचा चेहरा. नाकाच्या शेंड्यापासून एकच रेघ निघते आणि गोल गोल फिरत जाते. डोळे, दाढी, काट्यांचा मुकुट, सगळं तिच्यातच. सावली आली की ती जाड होते, उजेडात बारीक. नाकावर बोट ठेवून तिच्यामागे फिरून पाहाच. मला याहून थक्क करणारं छापचित्र माहीत नाही.

आता संत ओळखायच्या खुणा. किल्ल्या दिसल्या तर पेत्र, मोडकं चाक असेल तर कॅथरीन, अंगात बाण असतील तर सेबॅस्टियन. पण नाव ओळखून थांबू नका. जर्मन चित्रकार ड्युररच्या १५१४च्या चित्रात सिंहावरून संत जेरोम लगेच ओळखू येतो. मग त्याच्या डोक्यापासून मेजावरच्या छोट्या क्रूसावरून नजर सरळ पुढे न्या. ती खिडकीतल्या कवटीवर जाऊन थांबते.

मजकूर असेल तर त्याचा अर्थ शोधा. १४२३ साल कोरलेल्या संत ख्रिस्तोफरच्या लाकडी ठशाखाली लॅटिनमध्ये लिहिलंय, ज्या दिवशी हा चेहरा पाहाल त्या दिवशी वाईट मरण येणार नाही. पापकबुलीविना अवचित येणाऱ्या मरणाची तेव्हा फार धास्ती होती. हे चित्र रोज पाहण्यासाठी होतं, हे त्या दोन ओळींतून कळतं.

सहीवर मात्र विसंबू नका. ड्युररची मरियेच्या जीवनावरची चित्रं लाकडी ठशांची. मार्कान्तोनिओ रायमोंदी या इटालियन कोरीवकाराने ती तांब्यावर कोरली, ड्युररच्या सहीच्या खुणेसकट. तिथे निवाडा रेघच करते.

ही चित्रं आपल्याकडेही पोचली. १५८० साली गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेलं सचित्र बायबल भेट दिलं. पुढे १६००च्या सुमारास मुघल चित्रकार अबुल हसनने, वयाच्या तेराव्या वर्षी, ड्युररच्या १५११च्या क्रूसारोहणातला संत योहान रेखाटला. ते रेखाटन ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा आणि योहानाच्या झग्याच्या चुण्यांपासून सुरुवात करा.